अन्फूशीची रडणारी भिंत

भिंत रडायला लागली की पहिला हुंदका हज करून आलेल्या हाज्जा दौलत यांचा असायचा. त्यांच्यामागून दाराशी बसलेल्या बायका, मग जिन्यातल्या, आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्या, ज्यांना भिंत दिसतही नव्हती. रडायच्या कामात अलेक्झांड्रियाच्या अन्फूशी मोहल्ल्यातल्या बायका कुणाला हार जात नाहीत.

दर गुरुवारी दुपार कलल्यावरची, अस्रची नमाज झाली की हाज्जांच्या सुनेच्या, विसालच्या, झोपायच्या खोलीत ही गर्दी जमायची. खोली ती केवढी! एक पलंग, त्याच्या पायथ्याशी तिच्या छोट्या लेकीची, रुदैनाची, गादी, आणि उरलेल्या जागेत विसालच्या लग्नातलं कपाट. सहा दारांचं, सोनेरी वेलबुट्टीचं, डोक्यावर आरशांचा मुकुट घातलेलं. समुद्राकडच्या भिंतीला ते असं चिकटून उभं होतं की मागे बोट शिरायचं नाही. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये भिंतीचा जो हातभर पट्टा उघडा राहिला होता, तोच रडायचा.

खिडकी मात्र बंद. नुसती बंद नव्हे, तर चिंध्या आणि जुनी वर्तमानपत्रं कोंबून चिणलेली. एका कोपऱ्यात गॅसचा हीटर फुरफुरत असायचा, त्यावर पातेल्यात निलगिरीचा पाला उकळत असायचा, धुपाटण्यातून ऊद धुमसत असायचा, आणि मधोमध शेख मिस्बाह उभे.

"शूऽऽ! जागा झाला!" शेख बोट वर करून म्हणायचे. "बघा, बघा, पाझर फुटला! हा काही रस्त्यावरचा भुरटा जिन नाही बरं का. खानदानी आहे. समुद्राच्या तळाशी याचा सात मजली वाडा आहे. याचं नाव सांगू? सांगितलं तर तुमची दातखीळ बसेल."

"नको, नको!" बायका एका सुरात.

"मग नाही सांगत. अहो, पश्चात्ताप झालाय त्याला. अश्रू आहेत हे!"

आणि खरोखरच त्या पट्ट्यावर थेंब जमायचे, फुगायचे, एकमेकांत मिसळायचे आणि ओघळ होऊन खाली उतरायचे. मग शेख झग्यातून हिरवी बाटली काढायचे. बाटलीतल्या मंतरलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून भिंतीवरच्या काळ्या डागावर फिरवला की सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काळं फिकट व्हायचं आणि फिकटाचं पांढरं. खोलीभर गुलाबपाण्याचा वास सुटायचा. पुढच्या गुरुवारपर्यंत डाग परत यायचा, ही गोष्ट निराळी. "घरात कुणीतरी खिडकी उघडली असणार," असं शेख म्हणायचे, आणि सगळ्या जणी विसालकडे बघायच्या.

शेख पैसे घेत नसत. फक्त ऊद महाग झालाय एवढं सांगायचे आणि झग्याचा खिसा जरा पुढे करायचे.

त्या गुरुवारी जिन्यातल्या गर्दीतून वाट काढत इन्शिराहबाई वर आल्या. हातात मसुरीच्या डाळीच्या सूपचं भांडं होतं, रुदैनासाठी. बाई खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. जिन्यातल्या निम्म्या बायका त्यांच्या हातून पास झालेल्या आणि निम्म्या नापास, त्यामुळे वाट मिळायला त्यांना कधी अडचण पडत नसे. त्यांनी दाराच्या आत पाऊल टाकलं आणि त्यांना काही दिसेनासं झालं. चष्म्यावर वाफ धरली होती. त्यांनी चष्मा पुसला, परत वाफ. पुन्हा पुसला, पुन्हा वाफ. आणि तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

चष्मा काढून, डोळे बारीक करून त्यांनी पाहिलं तेव्हा त्यांना भिंत दिसलीच नाही. दिसली ती गादीवर बसलेली रुदैना. दुसरीतली पोर. खांदे वर ओढून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती, आणि प्रत्येक श्वासामागून बारीक शिट्टी वाजत होती. गर्दीच्या हुंदक्यांत ती शिट्टी कुणाला ऐकू येत नव्हती.

"हिचा दम्याचा पंप कुठंय?" बाईंनी विसालच्या कानाशी लागून विचारलं.

"शेखांनी बंद करायला सांगितलाय," विसाल खाली बघत म्हणाली. "पंपाचा वारा जिनाला लागतो म्हणे. मग तो सूड म्हणून तिची छाती आवळतो."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरांना जिन दिसत नाही, बाई."

पंप हाज्जा दौलत यांनी आपल्या झग्याच्या खिशात ठेवला होता. सून चोरून देईल, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा वर गेल्या. त्या वेळी हाज्जा बाजारात होत्या आणि विसाल ओले कपडे खोलीभर दोऱ्या बांधून वाळत घालत होती. बाहेर केरसुणीचं वादळ सुरू होतं. या शहरात हिवाळ्याच्या प्रत्येक वादळाला नाव आहे. केरसुणी येते ती रस्ते झाडून नेते, तिच्यामागून कासिम येतो, आणि कुठलं कधी येणार हे पोरासोरांनाही पाठ असतं. वादळ आलं की खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, हे इथे आईच्या दुधाबरोबर शिकवतात.

बाईंनी शिक्षकी पेशाला जागून मुद्देसूद सुरुवात केली. "हे बघ विसाल, ती बुरशी आहे. घरात ओल फार झालीय. हे कपडे गच्चीवरच्या छपराखाली टाक. पातेल्यावर झाकण ठेव. खिडकी रोज थोडा वेळ उघड. कपाट भिंतीपासून..."

"म्हणजे मी घर घाण ठेवते?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"बुरशी म्हणालात ना!" विसालने हातातला ओला शर्ट पिळला. तो आधीच पिळलेला होता. "बाई, तुम्हाला माहीत नाही. हा डाग आला ना, तेव्हा हाज्जा येणाऱ्या-जाणाऱ्याला इथं आणून बोट फिरवून दाखवायच्या. 'दमनहूरची खेडवळ पोर आणली, हिच्या माहेरी म्हशी माणसांत झोपतात, बघा काय कळा आणलीय माझ्या घराला.' नवरा असून रमझी ऐकून न ऐकल्यासारखा बंदरावर निघून जायचा. मी रात्रंदिवस घासायची. घासलं की परत यायचा."

"बरं, मग?"

"मग शेख आले. म्हणाले, डाग नाही हा, मोठा मान आहे. समुद्राच्या राजानं हे घर निवडलंय. त्या दिवशी हाज्जांनी स्वतःच्या हातानं मला कॉफी करून दिली. लग्नानंतर पहिल्यांदा!" तिचे डोळे भरले. "जिन आल्यापासून या घरात मी माणूस आहे, बाई. तुम्ही त्याला बुरशी म्हणू नका."

बाईंनी तिच्या हातातला शर्ट काढून घेतला. मग म्हणाल्या, "आणि रुदैना?"

"शेख म्हणतात, भिंत कोरडी झाली की तिची छातीही मोकळी होईल."

"भिंत कोरडी होईल कशी? तुम्हीच तर पाणी घालताय तिला."

"आम्ही? कोण पाणी घालतंय?"

"तुम्ही सगळ्या. तोंडानं. श्वासानं."

विसालला रडता रडता हसू फुटलं. "श्वासानं भिंत भिजते होय! बाई, तुम्ही पण ना!"

बाई खाली आल्या त्या स्वतःवरच चिडून. बरोबर असणं आणि पटवून देणं यांत केवढं अंतर आहे, हे त्यांना वर्गात कधी कळलं नव्हतं. तिथे परीक्षा त्यांच्या हातात असायची. त्या गल्लीतल्या मशिदीच्या इमामांनाही भेटून आल्या. इमाम हात जोडायचेच बाकी होते. "बाई, आजाऱ्याला औषध द्या असंच आमच्या धर्मात सांगितलंय. मी शुक्रवारी बोललो. तर हाज्जा म्हणाल्या, इमामसाहेबांना जिन आपल्याकडे आला नाही याचं दुःख झालंय."

पुढचा गुरुवार कासिमच्या वादळात सापडला. समुद्र रस्त्यावर येऊन आपटत होता, आणि तरी गर्दी दुप्पट. वादळात जिन जास्त रडतो, असं शेखांनी आधीच सांगून ठेवलं होतं. इन्शिराहबाई शालीत गुंडाळलेली, कुनाफा ही मिठाई भाजायची मोठी परात घेऊन आल्या. परात रिकामी होती आणि सकाळपासून त्यांच्या फ्रीजमध्ये होती. त्यापायी फ्रीजच्या दोन फळ्या काढून दूध-चीज बाहेर ठेवावं लागलं होतं.

"हे काय, बाई?" शेखांनी विचारलं.

"नवस," बाई म्हणाल्या. "तुम्ही चालू द्या." आणि त्यांनी शाल काढून परात भिंतीच्या अगदी समोर, पलंगाच्या डोक्याशी उभी टेकवली.

दार लागलं. हीटर चढला. पातेलं रटरटू लागलं. शेखांनी डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली आणि ते बोट वर करणार एवढ्यात मागून उम्म बक्र ओरडली. उम्म बक्र म्हणजे समोरच्या घरातली शेजारीण. नवा काळा झगा घालून मुद्दाम पुढे बसलेली.

"अगं बाई, परात रडतेय!"

सगळ्या माना वळल्या. भिंतीवर अजून थेंब नव्हता, पण परातीवरून पाण्याचे ओघळ चालले होते.

इन्शिराहबाई हा क्षण आठवडाभर मनात घोकत होत्या. आता सगळ्यांना कळणार, सगळ्या ओशाळणार, असं त्यांना वाटलं. झालं भलतंच. शेखांनी एकदा परातीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि दोन्ही हात आभाळाकडे फेकले. "आला! परातीत आला! धन्य ती परात!"

"अल्लाहु अकबर!" गर्दी गरजली. दोन-तीन बायका परातीचा मुका घ्यायला धावल्या. एकीने ती उसनी मिळेल का विचारलं.

वर्गातही कधी कधी सगळा वर्ग चुकीच्या उत्तरावर हात वर करतो, तेव्हा रागावून चालत नाही. त्यांनी आवाज मऊ केला. "शेखसाहेब, जिन परातीत आला म्हणजे भिंतीतून गेला ना?"

"गेला! निघून गेला!"

"मग ही भिंत आत्ता का रडायला लागली?"

खरंच, आता भिंतीवरही पाझर फुटला होता. शेख क्षणभर अडखळले. "ती... ती त्याची बायको."

"अस्सं." बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. हाज्जा दौलत जिन्यात बसलेल्यांची विचारपूस करून थंडीतून आत्ताच आत आल्या होत्या, आणि त्यांचा चष्मा पांढराफटक झाला होता. त्या हात चाचपडत उभ्या होत्या. "आणि हाज्जांच्या चष्म्यावर कोण बसलंय?"

"मुलं," शेख म्हणाले. शब्द तोंडातून निसटला आणि त्यांना स्वतःलाच पटला नाही.

"किती मुलं हो, शेखसाहेब?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुटुंब मोठं आहे," शेख घाम पुसत म्हणाले.

"म्हणजे आमच्या चहाच्या ग्लासवर बसतात ते भाचे-पुतणे वाटतं!" जिन्यातून आवाज आला आणि हसण्याची लाट वरपासून खालपर्यंत गेली. खानदानी जिन काय, सात मजली वाडा काय, सगळ्याचं पाणी पाणी व्हायला लागलं.

हसू हा भोंदूचा मोठा शत्रू. शेखांनी ते ओळखलं आणि ठेवणीतला चमत्कार बाहेर काढला. "हसता? हसा! आता बघा!" त्यांनी हिरवी बाटली काढली, आणि बोळाबिळा न वापरता ती सरळ भिंतीवरच्या काळ्यावर शिंपडायला सुरुवात केली. रागाच्या भरात माणसाचा हात सैल सुटतो. पाणी भिंतीवर उडालं, कपाटावर उडालं, पुढे बसलेल्या उम्म बक्रच्या बाहीवर उडालं. काळं पांढरं होऊ लागलं. बायका पुढे सरकल्या. गुलाबपाण्याच्या वासाखालून काहीतरी झणझणीत वर आलं आणि डोळ्यांतून पाणी काढू लागलं.

आणि रुदैना खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेना. खोकला थांबला तेव्हा शिट्टीही थांबली होती, कारण आत हवाच जात नव्हती. पोरीने दोन्ही मुठींनी गादी धरली होती आणि तिचे ओठ जांभळट दिसत होते.

"खिडकी उघडा!" इन्शिराहबाई ओरडल्या.

शेख दोन्ही हात पसरून खिडकीच्या आड उभे राहिले. "खबरदार! खिडकी उघडलीत तर जिन बाहेर जाईल, आणि जाताना पोरीचा जीव घेऊन जाईल. विसाल, तू आई आहेस! सांग यांना!"

खोलीत कुणी हललं नाही. विसालने शेखांकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि मग जे केलं ते त्या इमारतीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. तिने सासूच्या खिशात हात घातला. हाज्जा दौलत "अगं, अगं" करेपर्यंत तिने पंप काढून रुदैनाच्या तोंडाला लावला होता.

"ओढ, माझी राणी. हळू. परत ओढ."

इन्शिराहबाईंनी कोपराने शेखांना बाजूला केलं आणि खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या. त्यांच्या मदतीला दोन माजी विद्यार्थिनी आल्या, दोघीही नापासांतल्या. खिडकी धाडकन उघडली आणि कासिमचं वादळ खारट वासासकट आत घुसलं. विसालने पोरीला उचलून जिन्यातल्या मोकळ्या हवेत नेलं. बायकांनी आपसूक वाट दिली, आणि आता सगळ्यांना ती शिट्टी ऐकू आली. आधी बारीक, मग जरा लांब. पोर श्वास घेत होती.

त्या शांततेत उम्म बक्रची किंकाळी उठली.

"माझी बाही! माझा नवा झगा!"

काळ्याभोर बाहीवर विटकरी ठिपके उमटले होते, आणि बघता बघता ते नारिंगी होत होते. उम्म बक्रने बाही नाकाला लावली. "हे तर क्लोर आहे! अगं, आपण चादरी पांढऱ्या करतो ते क्लोर! वरून गुलाबपाणी ओतलंय मेल्यानं!"

बाटली हातोहात फिरली. ज्या बायका दर आठवड्याला हाच वास हाताला लावून घेतात, त्यांनी तो आजवर ओळखला नव्हता, कारण बाटली हिरवी होती आणि धरणारा दाढीवाला होता. शेख मिस्बाहांनी एव्हाना झगा गोळा करून जिना गाठला होता. पण जिन्यात प्रत्येक पायरीवर एक बाई होती आणि प्रत्येकीला त्यांच्याशी बोलायचं होतं. ते खाली पोचले तेव्हा त्यांच्या डोक्यावर पगडी नव्हती, असं म्हणतात.

रमझी बंदरावरून धावत आला आणि रुदैनाला दवाखान्यात घेऊन गेला. तिथे मास्क लावून औषध दिल्यावर तिची छाती मोकळी झाली. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून असं काही सुनावलं की तो मान वर न करता परत आला. ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय त्या दिवशी तरी उपयोगी पडली नाही.

इकडे गर्दी जिन्यातच बसून होती. चमत्कार गेला म्हणून घरी जावं, असं कुणाला वाटत नव्हतं. काहीतरी बघायला यायचं आणि न कळता परत जायचं, हे त्यांना आता पसंत नव्हतं.

"बाई, क्लोरचं कळलं," उम्म बक्र म्हणाली. "पण पाणी? ते तर तो शिंपडत नव्हता. आम्ही डोळ्यांनी बघत होतो."

"ते पाणी तुमचंच," इन्शिराहबाई पायरीवर टेकत म्हणाल्या. "प्रत्येकीच्या श्वासातून वाफ जाते. तुम्ही एवढ्या जणी, दार लावलेलं, खिडकी चिणलेली. त्यात उकळतं पातेलं. त्यात ओले कपडे. आणि तो हीटर, त्यातला गॅस जळला की त्याचीही वाफच होते. गरम हवेत ही सगळी वाफ मावते. पण ती हवा समुद्राच्या वाऱ्यानं गार पडलेल्या भिंतीला टेकली की थंड होते, आणि थंड हवेला तेवढी वाफ पेलवत नाही. ती टाकून देते भिंतीवर. गार परातीवर. चष्म्यावर."

"म्हणजे आम्ही आलोच नसतो तर..."

"तर जिनाला एवढं रडू आलं नसतं. तुमचीच गर्दी, तुमचेच श्वास, आणि आशीर्वाद त्याचे."

उम्म बक्रने खोलीत डोकावून पाहिलं. खिडकीतून वारा भणाणत होता, पडदा उडत होता, आणि भिंतीवरचे थेंब वाळून गेले होते. "थांबला की हो पश्चात्ताप," ती म्हणाली.

"आणि डाग?" कुणीतरी विचारलं.

"बुरशीचं बी हवेत सगळीकडे असतं. तुमच्या घरात, माझ्या घरात, बादशहाच्या महालातही. नीटनेटक्या बाईच्या घरात ते येत नाही असं नाही. त्याला फक्त ओल लागते. भिंत सारखी ओली राहिली की ते रुजतं, आणि मग त्याची बारीक धूळ उडते, ती आपण श्वासातून घेतो. निरोगी माणसाला खोकला होईल. रुदैनासारखीचा श्वास कोंडतो. क्लोरनं काळ्याचं पांढरं होतं, पण ओल जागेवरच राहते, म्हणून आठवड्यानं डाग हजर. वर बंद खोलीत क्लोरचा वास, उदाचा धूर. पोरीची छाती जिन आवळत नव्हता. आपण आवळत होतो."

हे शेवटचं वाक्य कुणाला आवडलं नाही. पण कुणी उठूनही गेलं नाही.

शुक्रवारी नमाज झाल्यावर रमझी आणि तीन शेजाऱ्यांनी मिळून ते सहा दारांचं कपाट भिंतीपासून ओढलं. आरशांचा मुकुट डुगडुगला, वेलबुट्टीचा एक तुकडा गळून पडला. आणि कपाटामागची भिंत दिसली. जमिनीपासून छतापर्यंत काळी. बाहेर दिसत होता तो नुसता तिचा कोपरा होता. लग्नातली चादर घडी करून कपाटाच्या आत मागच्या फळीला टेकवून ठेवली होती, तीही काळी पडली होती. विसालने ती हातात घेतली आणि खाली ठेवली.

हाज्जा दौलत यांनी तोंड उघडलं. त्या काय बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"बोला, हाज्जा," विसाल म्हणाली. "म्हणा घाणेरडी. मी ऐकून घेईन. या एका शब्दाच्या भीतीनं मी जिन पत्करला होता. माझी पोर माझ्यासमोर गुदमरत होती आणि मला कॉफीचा मान हवा होता. आता मला कुणी काहीही म्हणा, माझी खिडकी उघडी राहील."

हाज्जा पाठ फिरवून आपल्या खोलीत गेल्या.

त्या दुपारी विसालने रुदैनाला खाली इन्शिराहबाईंकडे बसवलं, तोंडाला फडकं बांधलं, खिडकी सताड उघडून साबणाच्या पाण्याने भिंत धुतली आणि पंखा लावून वाळवली. वर-खाली, शेजारी-पाजारी, सगळीकडून जड लाकूड फरशीवर घासल्याचे आवाज येत होते. अख्खी इमारत कपाटं ओढत होती. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, पण बादल्या भरल्याचे आवाज ऐकू येत होते आणि गच्चीवर छपराखाली दोऱ्यांसाठी भांडण जुंपलं होतं.

उन्हं कलताना हाज्जा सुनेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुझा तो साबण कुठंय?"

विसाल बादली घेऊन त्यांच्यामागे गेली. हाज्जांचं कपाट घरातलं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत जड. दोघींनी मिळून ते ओढलं. सासूची खोलीही समुद्राकडचीच होती. मागची भिंत बघून विसालने बादली खाली ठेवली. सुनेच्या भिंतीवर होती त्याहून ही दाट होती, जुनी होती, आणि खालच्या अंगाला हिरवी झाली होती. हाज्जांना दर हिवाळ्यात येणारा तो खोकला, ज्याला त्या वय झालं म्हणायच्या, तिथे उभ्या उभ्या पुन्हा आला.

"हे कुणाला सांगू नकोस," खोकला ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी सुनेकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच.

विसालने बाह्या वर सारल्या. "सांगणार, हाज्जा. जिन्यात उभी राहून सांगणार. तुम्ही लपवलंत, मी लपवलं, सगळ्यांनी कपाटं लावून लपवलं, म्हणून तर तो शेख आत शिरला. आज गप्प बसलो तर पुढच्या हिवाळ्यात दुसरा येईल, लाल बाटली घेऊन."

हाज्जांनी दुसरं फडकं उचलून बादलीत बुडवलं. "सांग," त्या म्हणाल्या. "पण तुझ्यापेक्षा माझ्याकडे कमी होती असं सांग."

"जास्त होती, हाज्जा."

"बरं, सारखी सांग," हाज्जा म्हणाल्या आणि घासायला लागल्या.

शेख मिस्बाह कुठल्या गावी गेले, कुणाला ठाऊक नाही. पण गेले असतील तिथेही भिंती असणार, आणि हिवाळाही असणार. म्हणून ही गोष्ट. तुमच्या घरातली भिंत रडली तर तिच्यापुढे हात जोडू नका. पाणी आलं कुठून, एवढं विचारा. आजाऱ्याला डॉक्टरकडे न्या आणि त्याचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आणि साधा प्रश्न विचारल्यावर ज्या माणसाला राग येतो, त्याला घरात घेऊ नका, मग त्याच्या हातात बाटली कुठल्याही रंगाची असो.